परक्या राज्याचे आपले नोकर

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात, आर्वीच्या पुढे आष्टी हे गाव आहे. आज त्याच्या नावाला 'शहीद' हा शब्द जोडलेला असतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, या गावात आणि आसपासच्या खेड्यांत एकच बातमी होती: गांधीजींना पकडले, सारे पुढारी तुरुंगात गेले, आता जे करायचे ते आपणच करायचे. हातात तिरंगा घेतलेला जमाव पोलिस ठाण्याकडे निघाला. ठाण्यावर झेंडा लावायचा होता. ठाण्यातून गोळ्या सुटल्या आणि माणसे पडली. पडलेल्यांना पाहून जमाव मागे हटला नाही, तो ठाण्यावर तुटून पडला. दिवस मावळेपर्यंत एक सब-इन्स्पेक्टर आणि चार शिपाईही मारले गेले होते.

त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्येही असेच घडले. तिथे मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा ठार झाला. खवळलेल्या लोकांनी उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, एक सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाई यांना मारले. या दोन गावांची नावे तेव्हापासून एका दमात घेतली जातात: आष्टी-चिमूर.

हुतात्म्यांची कथा विदर्भात प्रत्येक पिढीला सांगितली जाते, आणि ती सांगितली गेलीच पाहिजे. हे प्रकरण मात्र ठाण्याच्या दाराच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांविषयी आहे. तीही याच देशातली होती. लंडनमध्ये ठरलेल्या धोरणाचे पहिले धक्के त्यांनी खाल्ले. परक्या सत्तेची चाकरी करणाऱ्या स्थानिक माणसाचे युद्धकाळात काय होते, हा प्रश्न जगात आजही सुटलेला नाही. त्याचे एक स्पष्ट आणि वेदनादायक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

राज्य चालवत होते कोण?

१९४१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानची लोकसंख्या एकोणचाळीस कोटींच्या आसपास होती. साऱ्या देशाचा कारभार ज्या आयसीएसच्या (इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या) नावाने चालत असे, त्यात बाराशेच्या आसपास अधिकारी होते आणि युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांतले जवळजवळ निम्मे हिंदी होते. जिल्ह्याला एक डेप्युटी कमिशनर आणि एक पोलिस सुपरिंटेंडेंट, एवढ्यांवर राज्य चालत नाही. ते चालवत होते तहसीलदार, नायब तहसीलदार, पटवारी, ठाणेदार, शिपाई आणि गावचा कोतवाल. खेड्यातल्या बहुतेक माणसांनी गोरा साहेब आयुष्यात एखाद्या वेळी, दौऱ्यावर आला तर, लांबून पाहिलेला असे. त्यांच्या दृष्टीने सरकार म्हणजे जमिनीच्या नोंदी लिहिणारा, समन्स आणणारा आणि लाठी घेऊन बाजारात फिरणारा माणूस.

ही माणसे या नोकरीत का गेली? कोरडवाहू शेतीच्या मुलखात महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार, मग तो कितीही तुटपुंजा असो, ही मोठी गोष्ट होती. त्यामागे निवृत्तिवेतन होते आणि गावात मान होता. साम्राज्यावरच्या निष्ठेने फार थोडे जण शिपाई झाले, घर चालवण्यासाठी बहुतेक जण झाले.

नोकरीत शिरणे सोपे होते, बाहेर पडणे तितके सोपे नव्हते. १८६१ च्या पोलिस कायद्यात तशी तजवीजच होती. परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची आगाऊ नोटीस दिल्याशिवाय शिपायाला नोकरी सोडता येत नसे. हुकूम मोडला किंवा कामावरून परस्पर निघून गेला, तर तीन महिन्यांपर्यंतचा पगार कापला जाई, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे किंवा दोन्ही शिक्षा एकत्र होत. हा कायदा १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी झालेला होता. राज्यकर्त्यांना आपल्या नोकरांची भीती किती वाटत होती, ते त्याच्या कलमांतून दिसते.

त्याच वर्ध्यात जमनालाल बजाज राहत होते. त्यांनाही इंग्रज सरकारने 'रायबहादूर' केले होते आणि असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती पदवी परत केली. त्यांचा त्याग खरा होता आणि त्याने वर्ध्याला राष्ट्रीय चळवळीची राजधानी बनवले. पण ज्याच्यामागे व्यापार आणि प्रतिष्ठा होती त्याने पदवी सोडणे आणि ज्याच्या पगारावर घरातली सहा तोंडे होती त्याने पट्टा काढून ठेवणे, या दोन गोष्टींची किंमत सारखी नव्हती. शिपायाचा न्याय करताना हे विसरता येणार नाही.

युद्धाने नोकरी कशी बदलली

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निवडून आलेल्या एकाही प्रतिनिधीला त्यांनी विचारले नव्हते. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ गेले आणि कारभार थेट गव्हर्नरच्या हाती आला.

खालच्या नोकरांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. दोन वर्षे ते लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांचे हुकूम पाळत होते. आता तेच तहसीलदार, तेच ठाणेदार पुन्हा निव्वळ परक्या सत्तेचे हस्तक ठरले. शिवाय युद्धाची कामे त्यांच्या माथी आली. युद्धनिधी जमवायचा, सैन्यभरतीला माणसे मिळवायची, अफवा पसरवणाऱ्यांवर नजर ठेवायची. 'भारत संरक्षण नियमां'खाली पकडायचे अधिकार त्यांना मिळाले. धान्य आणि रॉकेल महाग झाले, मिळेनासे झाले, तेव्हा लोकांचा राग ज्याच्यावर निघाला तो माणूस तहसील कचेरीतच बसलेला होता. दिल्लीतला किंवा लंडनमधला माणूस कुणाच्या हाती लागणार नव्हता.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ८ मार्चला रंगून पडले. ब्रह्मदेशातून पायी निघालेले हिंदी निर्वासित परत येऊ लागले. त्यांच्या तोंडून देशभर एक गोष्ट पसरली: संकट आले तेव्हा इंग्रजांनी आपल्या माणसांना आधी हलवले, हिंदी लोकांना वाऱ्यावर सोडले. ज्या सत्तेची आपण चाकरी करतो ती वेळ आल्यावर आपल्यामागे उभी राहील का, ही शंका नोकरांच्या मनात तेव्हा आली नसेल असे मानता येत नाही.

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानातून जावी असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर त्याच्यावर शिक्कामोर्तब झाले. ९ ऑगस्टच्या पहाटे सारे नेते पकडले गेले. चळवळ एका दिवसात नेत्यांशिवाय उरली. ठाण्यातले पोलिस एका बाजूला आणि लोक दुसऱ्या बाजूला, मध्ये बोलणी करणारा कोणी नाही, अशी स्थिती सरकारने स्वतःच्या हाताने निर्माण केली.

गांधीजींनी नोकरांना काय सांगितले होते

८ ऑगस्टच्या भाषणातले 'करेंगे या मरेंगे' सर्वांना माहीत आहे. त्याच भाषणात गांधीजी सरकारी नोकरांशीही बोलले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. लगेच राजीनामे द्या, असे त्यांनी सांगितले नाही. नोकरीत राहा, पण आपण काँग्रेसचे आहोत हे उघडपणे जाहीर करा, असे त्यांचे सांगणे होते. त्यासाठी त्यांनी उदाहरण दिले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. रानडे सरकारचे न्यायाधीश होते, तरी आपण काँग्रेसचे आहोत हे त्यांनी लपवले नाही. सैनिकांनाही गांधीजींनी पद सोडायला सांगितले नव्हते. वरिष्ठांचे न्याय्य हुकूम पाळा, मात्र आपल्याच माणसांवर गोळी झाडायला नकार द्या, एवढेच त्यांनी मागितले.

नोकर आणि शत्रू यांत भेद करणारी ही वाट होती. माणसाने पोटासाठी केलेली नोकरी आणि त्या नोकरीत केलेले कृत्य, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. पण हा निरोप नीट पोहोचायच्या आतच निरोप देणारा आगाखान पॅलेसमध्ये बंदिस्त झाला. वर्तमानपत्रांवर बंधने आली. आष्टीच्या ठाण्यातल्या शिपायांपर्यंत त्यातले काय पोहोचले असेल? त्यांच्यापर्यंत वरिष्ठांचा हुकूम तेवढा पोहोचला.

आणि तिथेच आष्टीची शोकांतिका आहे. मूठभर शिपाई, थोड्या बंदुका, शेकडोंचा जमाव आणि लवकर मदत येण्याची शक्यता नाही. अशा वेळी गोळी झाडण्याचा निर्णय ठाण्यातल्या अधिकाऱ्याने घेतला आणि त्या निर्णयाने आधी गावकऱ्यांचे व मग त्याचे स्वतःचे प्राण घेतले. त्या निर्णयाची जबाबदारी त्याची आहेच. पण पुढाऱ्यांना पकडून लोकांना डिवचायचे आणि मग खेड्याखेड्यांतल्या चार-पाच देशी शिपायांना त्या संतापासमोर उभे करायचे, ही त्याहून मोठी जबाबदारी ज्यांची होती ते आष्टीत नव्हते.

सरकारी आकडेच पाहावेत. १९४३ अखेरपर्यंत देशभर ९१,८३६ लोकांना अटक झाली. पोलिस आणि लष्कराच्या गोळीबारात १,०६० लोक मेले, असे सरकारने मान्य केले. २०८ पोलिस ठाणी व चौक्या, ३३२ रेल्वे स्टेशने आणि ९४५ टपाल कचेऱ्या नष्ट झाल्या किंवा त्यांची मोठी मोडतोड झाली. ६३ पोलिस मारले गेले. नोकरी सोडून चळवळीला मिळालेल्या पोलिसांची संख्या २१६ होती आणि त्यांतले २०५ एकट्या बिहारमधले होते. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. जनतेने पोलिसांपेक्षा कितीतरी पट जास्त रक्त सांडले. आणि मरण्याची पाळी आली तरी परक्या सत्तेचा पट्टा उतरवून ठेवणारा पोलिस बिहारबाहेर जवळपास नव्हताच.

मेलेल्या नोकराच्या नावाने

डुंगाजी, सोनवणे आणि आष्टीचे पोलिस मारले गेल्यावर सरकारने जे केले त्याला संरक्षण म्हणता येणार नाही. मेलेल्या देशी नोकरांच्या नावाने जिवंत देशी लोकांचा सूड घेतला गेला. चिमूरमध्ये तीन दिवसांनी लष्कर उतरले. त्यात गोऱ्या सैनिकांचा भरणा मोठा होता. पुरुष पकडून नेलेल्या गावात स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या हकीकती बाहेर आल्या. डॉ. बा. शि. मुंजे आणि नागपूरच्या स्त्री कार्यकर्त्या तिथे गेल्या आणि त्यांनी त्या ऐकल्या. सरकारने चौकशी नाकारली.

सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी या नकाराविरुद्ध उपोषण केले. ते आधी दिल्लीला गेले, बापूजी अणे यांच्या घरी. लोकनायक अणे वणीचे, टिळकांच्या परंपरेतले, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. आपल्याच प्रदेशातल्या स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून आपल्याच प्रदेशातल्या सभासदाच्या दारी एक आश्रमवासी उपाशी बसला, तरी चौकशी झाली नाही. परक्या राज्यात उंच पद मिळाले तरी अधिकार किती मिळतो, हे यावरून दिसले. भन्साळींचे उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. पुढच्याच महिन्यात गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या वेळी सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा अणे यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

दरम्यान 'सामूहिक दंडा'चा अध्यादेश निघाला होता. गावातल्या गुन्ह्याबद्दल साऱ्या गावाने दंड भरायचा, मात्र सरकारला हवी ती व्यक्ती किंवा हवा तो वर्ग त्यातून वगळता येई. ज्याला सरकारने दंडातून वगळले तो गावाच्या नजरेत आपोआप सरकारचा माणूस झाला. अशा सवलतीने त्याचे पैसे वाचत, पण शेजाऱ्यांचा विश्वास जाई. परक्या सत्तेची मेहेरबानी तिच्या माणसाला एकटे कसे पाडते, त्याचे हे नेमके उदाहरण आहे.

आष्टी-चिमूरचे खटले विशेष न्यायालयांपुढे चालले आणि अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अपार धडपड केली. गांधीजींनीही जाहीरपणे दयेची मागणी केली. अखेर १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेत बदलल्या आणि राष्ट्रीय सरकारे आल्यावर कैदी सुटले.

साताऱ्यातला दुसरा प्रकार

विदर्भात जे एका दिवसात भडकले, ते सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ अशी तीन वर्षे संथपणे जळत राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली. जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेसारखी शिस्तबद्ध दले तयार केली. तिथे गावातल्या नोकरांवर आलेले संकट वेगळ्या जातीचे होते. पोलिस पाटलाने इंग्रजांना माहिती दिली तर प्रतिसरकार शिक्षा करणार, दिली नाही तर इंग्रज पकडणार. खबऱ्यांना आणि दरोडेखोरांना तळपायांवर काठ्यांचा मार बसत असे.

शिक्षा कठोर होत्या आणि काही वेळा त्या चुकीच्या माणसाला बसल्या असतील. तरीही एक मोठा फरक लक्षात घेतला पाहिजे. साताऱ्यात नुसते इंग्रजांच्या नोकरीत असणे हा गुन्हा मानला जात नव्हता. भूमिगतांना पकडून देणे, लोकांना लुटणे, गरिबाला नाडणे हे गुन्हे होते. पाटलाने आणि तलाठ्याने डोळेझाक केली, कधी चोरून भाकरी पोहोचवली, म्हणूनच शेकडो भूमिगत तीन वर्षे टिकले. जमाव खाकी कपडा पाहतो आणि संघटना कृत्य पाहते. आष्टीत संघटना आदल्या आठवड्यातच तुरुंगात टाकली गेली होती.

परकी सत्ता जाते तेव्हा

युद्ध संपते, परके सैन्य जहाजात किंवा विमानात बसते, आणि मागे राहतात त्याचे स्थानिक मदतनीस. मार्च १९६२ मध्ये फ्रान्स आणि अल्जेरियाच्या स्वातंत्र्यवाद्यांत एव्हियाँ येथे करार झाला. फ्रेंच सैन्याबरोबर लढलेल्या अल्जेरियन मुसलमानांना 'हार्की' म्हणत. फ्रेंचांनी त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथेच सोडले आणि हजारो हार्की सूडाला बळी पडले. जे कसेबसे फ्रान्सला पोहोचले त्यांना वर्षानुवर्षे छावण्यांत ठेवले गेले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांची माफी मागितली ती सप्टेंबर २०२१ मध्ये, जवळजवळ साठ वर्षांनी.

त्याच्या एकच महिना आधी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल तालिबानच्या हाती गेले. अमेरिकन आणि इतर परदेशी फौजांचे दुभाषे, वाहनचालक, कारकून, स्वयंपाकी विमानतळाच्या भिंतीबाहेर कागद हलवत उभे राहिले. अशा माणसांसाठी अमेरिकेने खास व्हिसाचा कायदा २००९ मध्येच केलेला होता. तरीही असंख्य माणसे मागे राहिली.

हिंदुस्थानात १९४७ मध्ये असे काही घडले नाही. फाळणीत भयंकर रक्तपात झाला, पण इंग्रजांची नोकरी केली म्हणून तहसीलदारांना, पोलिसांना शोधून मारले गेले नाही. हे आपोआप घडलेले नाही. सत्तांतर वाटाघाटींनी झाले आणि सरदार पटेलांनी जुन्या नोकरवर्गाला सांभाळण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये घटना समितीत काही सभासदांनी या अधिकाऱ्यांच्या हमीवर टीका केली, तेव्हा पटेल त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

या निर्णयाचे फळ पाहायला मध्यप्रांताबाहेर जावे लागत नाही. चिंतामणराव देशमुख आयसीएस होऊन मध्यप्रांत-वऱ्हाडातच कामाला लागले. बेचाळीसच्या वादळात ते सरकारी सेवेतच राहिले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. याच प्रांतातल्या रा. कृ. पाटील यांनी आयसीएसचा राजीनामा दिला आणि ते राष्ट्रीय चळवळीत आले. मार्च १९५० मध्ये पहिले नियोजन मंडळ नेमले गेले, तेव्हा देशमुख आणि पाटील दोघेही त्याचे सभासद होते. एकाने परक्या सरकारची नोकरी सोडली होती, दुसऱ्याने सोडली नव्हती. स्वतंत्र भारताला दोघांचीही गरज होती. व्हाइसरॉयच्या मंडळात बसलेले अणे पुढे बिहारचे राज्यपाल झाले.

पण हा समजूतदारपणा वरच्या माणसांच्या वाट्याला जास्त आला, हेही सांगितले पाहिजे. आष्टीच्या त्या शिपायांना कुठल्याच इतिहासात जागा मिळाली नाही. इंग्रजांच्या अहवालात ते एका आकड्यापुरते उरले. आपल्या स्मरणात ते फक्त जुलमाचे हस्तक म्हणून राहिले. आष्टीचे हुतात्मे स्वातंत्र्यासाठी मेले आणि शिपाई परक्या हुकमासाठी मेले. या दोन मरणांना एका पंक्तीत बसवणे हा हुतात्म्यांवर अन्याय होईल. तरीही त्या शिपायांना आईबाप होते, त्यांनी पगारासाठी पट्टा बांधला होता आणि ज्या सत्तेने त्यांना त्या दारात उभे केले तिने त्यांच्यासाठी काहीच पणाला लावले नव्हते.

परक्या सत्तेची नोकरी करणाऱ्याचा हिशेब त्याच्या कपड्यावरून करू नये, त्याने त्या कपड्यात काय केले यावरून करावा. ज्याने निःशस्त्रावर गोळी झाडली तो त्या कृत्याचा जबाबदार आहे, ज्याने फक्त सारावसुलीची नोंद केली तो नाही. आणि जी सत्ता स्थानिक माणसाला आपली ढाल म्हणून पुढे करते, तिच्यावर या साऱ्या रक्ताची पहिली जबाबदारी येते, मग ती १९४२ ची ब्रिटिश सत्ता असो, १९६२ ची फ्रेंच असो की २०२१ ची अमेरिकन. आष्टीला जाणाऱ्या वाचकाने हुतात्म्यांना नमस्कार जरूर करावा. पण परत निघण्यापूर्वी त्या ठाण्यातल्या पाच जणांचाही विचार करावा आणि त्यांना तिथे उभे करणारे कोण होते, हा प्रश्न मुलांना समजावून सांगावा.